जांभई देताना हनुवटीखाली धरलेली मूठ

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या, माझ्या दातांच्या दवाखान्यात आलेल्या बाईंची ही हकिगत आहे. वय ४१. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदलले आहेत, दुखण्याबद्दलचा मात्र एकही बदललेला नाही.

जूनमधली संध्याकाळ होती. शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या आणि पाऊस असा लागला होता की दारातून समोरचा बसथांबाही दिसत नव्हता. बाई जाऊबरोबर आल्या. दाराशी चपला काढल्या, आतून मशीनचा आवाज आला तशा परत पायात घातल्या. माझी मदतनीस हळूच म्हणाली, "डॉक्टर, ह्या याआधी दोनदा येऊन नाव लिहून निघून गेल्यात." मी आतलं काम संपवलं, मशीन बंद केलं आणि बाहेर येऊन त्यांच्या शेजारच्या साध्या खुर्चीवर बसले. दातांच्या खुर्चीवर त्या त्या दिवशी बसल्याच नाहीत. मीही बसा म्हटलं नाही.

तक्रार सांगितली ती जावेने. खालची उजवी दाढ किडून निम्मी उरलेली. गेल्या वर्षी गाल सुजला होता, तेव्हा औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून निभावलं. आता दाढ दुखत नाही, पण घास अडकतो आणि तोंडाला वास येतो. उजवा कान चार महिने ठणकतोय. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं, कान स्वच्छ आहे म्हणाले. सकाळी उठताना कानशिलं जड असतात. बाई हे सगळं मान खाली घालून ऐकत होत्या. शेवटी एवढंच बोलल्या, "डॉक्टर, मला बेशुद्ध करूनच काय ते करा."

कशाची भीती वाटते, हे मी मोजून घेते. भीती मोजता येते यावर बऱ्याच जणांचा विश्वास बसत नाही, पण त्यासाठी पाच प्रश्नांची एक साधी पट्टी आहे आणि ती जगभर वापरली जाते. उद्या दाताच्या डॉक्टरकडे जायचं असेल तर कसं वाटेल, बाहेर बाकावर बसल्यावर कसं वाटेल, दात कोरताना, दात साफ करताना, हिरडीत इंजेक्शन देताना कसं वाटेल. प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण १९ किंवा त्याहून जास्त आले की भीती तीव्र मानतात. बाईंचे २२ आले. नुसत्या इंजेक्शनला ४, दात साफ करण्याला ३, आणि बाकी तिन्हींना पाच-पाच.

मग मागचं विचारलं. बाराव्या वर्षी पू झालेली दाढ काढली होती. भूल चढलीच नाही. त्या ओरडल्या तेव्हा "बधिर झालंय, उगीच नाटक करू नकोस" असं ऐकावं लागलं आणि दोघांनी हात धरून ठेवले. हा अनुभव मी कितीतरी रुग्णांकडून ऐकला आहे, आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण त्यांचं म्हणणं खरं असतं. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते. अशा जागी भुलेचं औषध नीट काम करत नाही, ते मज्जातंतूत पुरेसं शिरतच नाही. ती मुलगी खोटं बोलत नव्हती. तिला खरंच सगळं कळत होतं.

दुसरा प्रसंग सत्ताविसाव्या वर्षीचा. एका दवाखान्यात तासभर तोंड उघडं ठेवून दाढेत सिमेंट भरलं. उठताना जबडा मिटेना. काही क्षणच, पण तेवढ्यात त्यांना वाटलं की आता हे असंच राहणार. त्यानंतर १४ वर्षं त्या कुठल्याही दाताच्या डॉक्टरकडे गेल्या नाहीत.

हे ऐकूनही मी चुकले. तोंड उघडायला सांगितलं तर बाईंनी जेमतेम दोन बोटं उघडलं. मी म्हटलं, आणखी थोडं. त्यांनी डोळे मिटले, खांदे वर ओढले, पण तोंड तेवढंच राहिलं. मी कागदावर लिहिलं: फार घाबरतात, त्यामुळे तोंड कमी उघडतात. पुढच्या आठवड्याची वेळ दिली.

त्या दारापर्यंत गेल्या, छत्री उघडायला थांबल्या आणि त्यांना जांभई आली. जांभई येताच उजव्या हाताची मूठ आपसूक वर गेली आणि हनुवटीखाली घट्ट टेकली. तोंड फार उघडू नये म्हणून खालून दाबून धरलेली मूठ होती ती. आपण जांभई देताना तोंडापुढे हात धरतो, तशी नव्हे. ही सवय कुणी शिकवत नाही. ज्याचा जबडा कधीतरी अडकलेला असतो, त्याचं अंगच ती शिकतं. मी हाक मारली, "बाई, एक मिनिट. कानापुढे कधी कट्ट असा आवाज यायचा का हो?"

त्या मागे वळल्या. "यायचा. कॉलेजात होते तेव्हापासून. जांभईला, मोठ्या घासाला. पण आता बंद झालाय. माघात जत्रेतलं खाजं चावलं तेव्हा शेवटचं जोरात कट्ट झालं. दुसऱ्या दिवसापासून आवाज गेला तो गेलाच. बरं झालं म्हटलं."

आवाज गेला, म्हणून बरं झालं असं त्यांना वाटलं. सांधा अडकला होता, तो त्याच दिवशी.

सांध्यात काय झालं होतं

जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे असतो. तर्जनी कानाच्या भोकापुढे ठेवून तोंड उघडलं-मिटलं की बोटाखाली हाड हलताना कळतं. हा सांधा दोन कामं करतो. पहिले दोन-अडीच सेंटीमीटर तोंड उघडतं ते बिजागरीसारखं, हाड जागच्या जागी फिरतं. त्यापुढे उघडायचं तर हाडाला खाली आणि पुढे सरकावं लागतं. हाड आणि कवटी यांच्यामध्ये कूर्चेसारखी एक चिवट चकती असते, ती हाडाबरोबर पुढेमागे सरकते. काही जणांत ही चकती जागेवरून पुढे निसटते. तोंड उघडताना हाड तिच्या काठावरून उडी मारून तिच्यावर चढतं, तोच तो कट्ट आवाज. अशी चकती असलेली माणसं भरपूर आहेत, आणि बहुतेकांना आयुष्यभर काहीही त्रास होत नाही.

कधीकधी मात्र हाडाला तिच्यावर चढताच येत नाही. सरकत्या दाराच्या रुळात कापडाची घडी अडकावी तसं होतं. दार अर्ध्यावर थांबतं. बिजागरीचं काम होतं, सरकण्याचं होत नाही. मग आवाजही नाही आणि तोंडही पूर्ण उघडत नाही. कान का दुखतो, तर सांध्याला, कानाच्या नळीच्या पुढच्या भागाला आणि कानशिलाच्या कातडीला जाणीव देणारी नस एकच आहे. मेंदूला दुखणं कुठलं ते नीट ओळखता येत नाही. कानाच्या डॉक्टरांची काही चूक नव्हती. कान खरंच स्वच्छ होता.

मी त्यांना परत बसवलं, त्याच साध्या खुर्चीवर. तोंडात काही घालणार नाही, फक्त बाहेरून हात लावते आणि पट्टी धरते, एवढं आधी सांगितलं. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर ३१ मिलिमीटर भरलं. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ४० च्या पुढे उघडतं, ३५ च्या खाली असलं तर कारण शोधायला हवं. घरी बघायचं तर आपल्याच हाताची मधली तीन बोटं उभी धरून दातांत जातात का ते पाहावं. उघडताना बाईंची हनुवटी सरळ खाली न जाता उजवीकडे वळत होती. खालचा जबडा उजवीकडे सरकवायला सांगितला तर ९ मिलिमीटर सरकला, डावीकडे फक्त ४. उजवं हाड पुढे सरकतच नाही, मग जबडा डावीकडे जाणार कसा? या दोन खुणा एकत्र दिसल्या की अडकलेला सांधा कोणता ते कळतं.

भीतीने आवळलेला जबडा आणि अडकलेला सांधा यांतला फरक हाताला कळतो. भीतीने किंवा स्नायू आखडल्यामुळे तोंड कमी उघडत असेल, तर बोटांनी हळूच दाब दिल्यावर ते रबरासारखं थोडं थोडं सैल होतं. बाईंच्या बाबतीत एक-दोन मिलिमीटर पुढे गेलं आणि मग भिंत लागली. ही तपासणी मी पहिल्या दहा मिनिटांतच करायला हवी होती. समोरचं माणूस घाबरलेलं आहे हे एकदा ठरलं की प्रत्येक खूण आपण भीतीच्या खात्यात टाकत जातो. मी नेमकं तेच केलं होतं.

मग बाकीच्या शक्यता तपासल्या. तोंड कमी उघडण्याची कारणं पुष्कळ आहेत आणि त्यातली काही गंभीर आहेत. सुपारी, गुटखा खाणाऱ्यांचे गाल आतून पांढरट होतात, बोट फिरवलं तर दोऱ्यासारखे ताठ पट्टे लागतात, आणि तोंड महिन्यागणिक मिटत जातं. या आजारातून कर्करोग होऊ शकतो. अक्कलदाढेभोवती पू झाला की दोन दिवसांत जबडा आवळतो, सोबत ताप आणि गिळताना त्रास. वय पन्नाशीच्या पुढचं, चावताना जबडा थकून दुखतो, कानशिलाची कातडी हुळहुळी आणि नजर मधूनच अंधूक, असं असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जावं. रक्तवाहिनीच्या सुजेचा तो आजार असू शकतो आणि उशीर झाला तर डोळा जातो. चालताना, जिना चढताना जबड्यात दुखलं आणि थांबल्यावर कमी झालं, तर दात नाही, आधी हृदय तपासावं. बाईंच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. गालाच्या आत दातांच्या रेषेत एक पांढरी कड होती आणि जिभेच्या कडांना दातांचे ठसे उमटले होते. या खुणा दात आवळून धरणाऱ्यांमध्ये बरेचदा दिसतात. जबड्याचे स्नायू दाबल्यावर त्यांनी माझा हात धरला. एक्स-रेत हाडं व्यवस्थित होती. एमआरआयमध्ये चकती दिसली असती, पण ती दिसून माझे उपचार बदलणार नव्हते, म्हणून तो खर्च टाळला.

त्यांना मी जे सांगितलं ते इथे लिहिते, कारण माझ्या मते उपचार तिथूनच सुरू झाले. मी म्हटलं, "बाई, तुमची भीती खोटी नाही. तोंड फार उघडलं तर अडकेल असं तुम्हाला वाटतं, आणि तुमचा सांधा खरंच अडकतो. तुम्ही इतकी वर्षं त्यालाच सांभाळत आलात." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग जावेकडे बघून कोंकणीत म्हणाल्या, "आयकलें? म्हजें तोंड उगडना म्हूण हांव सांगतालें." त्या पाच प्रश्नांच्या पट्टीत तोंड किती वेळ उघडं ठेवावं लागेल, हा प्रश्नच नाही. तेव्हापासून मी तो तोंडी विचारते.

आधी जबडा, मग दाढ

दाढेची रूट कॅनाल करायची होती, पण लगेच नाही. आत घालायच्या फाईली, म्हणजे मुळं साफ करायच्या बारीक सुया, २१ किंवा २५ मिलिमीटर लांबीच्या असतात, वर त्यांची मूठ आणि माझं बोट. ३१ मिलिमीटरच्या तोंडात मागच्या दाढेवर हे बसवायचं म्हणजे दुखऱ्या सांध्यावर जोर आलाच. दाढेची नस मेलेली होती, सूज नव्हती. म्हणून सहा आठवडे जबड्याला द्यायचे ठरवले. मधेच गाल सुजला, ताप आला किंवा गिळताना त्रास झाला तर वेळ न घेता थेट यायचं, हे जावेलाही बजावलं.

बेशुद्ध करण्याबद्दल त्यांनी पुन्हा विचारलं. तशी सोय असते. गोळी देऊन गुंगी आणता येते, नाकाने वायू देऊन मन सैल करता येतं, पूर्ण भूलही देता येते. काही रुग्णांना त्याची खरी गरज असते आणि त्यात कमीपणा काही नाही. पण बाईंच्या बाबतीत मला त्या जाग्या हव्या होत्या. भुलेत स्नायू सैल पडतात, सांधा मर्यादेबाहेर ताणला गेला तरी कोणी सांगणार नसतं. हे कारण त्यांना पटलं.

घरच्या उपचारांत खर्च जवळपास नव्हता. जेवणात पेज, मऊ शीत, आमटी, शिजलेल्या भाज्या, काटे काढलेली मासळी. उंडो, म्हणजे आमच्याकडचा गोल पाव, बंद, कारण त्याचं कडक कवच दातांनी ओढून तोडावं लागतं आणि तो ओढा सरळ सांध्यावर येतो. खाजं, चणे, ऊस बंद. बाई म्हणाल्या, "उंडो नसला तर सकाळची भाजी कशी खाऊ?" कवच काढून आतला मऊ भाग भाजीत बुडवून खा म्हटलं. गरम पाण्यात पिळलेला टॉवेल गालावर दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा. सूज उतरवणाऱ्या गोळ्या आठवडाभर दिल्या, त्याही पोटाचा, मूत्रपिंडाचा, दम्याचा त्रास नाही हे विचारून. जांभई आली की जीभ टाळूला टेकवायची, म्हणजे तोंड आपोआप बेताचं उघडतं आणि मुठीची गरज राहत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो दात सुटे ठेवायला शिकवण्यात. जेवण आणि गिळणं सोडलं तर आपले वरखालचे दात एकमेकांना लागायलाच नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक 'न' म्हणताना जिथे टेकतं तिथे. हे ऐकायला सोपं आहे. बाई दुसऱ्या आठवड्यात आल्या तेव्हा चकित झाल्या होत्या. शाळेतल्या तांबड्या टिकल्या त्यांनी जागोजागी चिकटवल्या होत्या, हजेरीपटावर, फळ्याच्या कोपऱ्यात, स्वयंपाकघरात फोडणीच्या डब्यावर. टिकली दिसली की दात कुठे आहेत ते बघायचं. "डॉक्टर, वह्या तपासताना तर दर वेळी आवळलेलेच. दुसरीच्या मुलांचं शुद्धलेखन म्हणजे माझ्या जबड्याचा व्यायाम." आवळण्यामुळेच चकती निसटली असं मी म्हणणार नाही, तसं छातीठोक सांगता येत नाही. पण दिवसभर दाबलेल्या सांध्याला बरं व्हायला जागाच मिळत नाही, एवढं नक्की.

व्यायाम आरशासमोरचा. जीभ टाळूला लावून, हनुवटी सरळ खाली जाते का बघत, हळूहळू तोंड उघडायचं. सहा वेळा, दिवसातून सहादा. दुसऱ्या आठवड्यानंतर बोटांनी अगदी हलका ताण द्यायचा, दुखेपर्यंत नाही.

रात्रीसाठी वरच्या दातांवर बसणारी पारदर्शक कडक प्लेट करून दिली. ऑनलाइन मिळणाऱ्या मऊ प्लेटा, किंवा थोड्याच दातांवर बसणाऱ्या प्लेटा, कोणी मनाने वापरू नयेत. त्यांनी दातांची बैठक बदलू शकते. तसंच सांधा दुखतोय म्हणून चांगले दात घासून जुळवून देतो असं कोणी म्हटलं, तर दुसऱ्याचा सल्ला घ्यावा. घासलेला दात परत येत नाही.

हात वर

हे सगळं चालू असताना दातांच्या खुर्चीची ओळख वेगळी करून दिली. दुसऱ्या भेटीत त्या खुर्चीवर नुसत्या बसल्या. पाठ उभीच ठेवली, दिवा बंद. तिसऱ्या भेटीत आरसा त्यांच्याच हातात दिला आणि त्यांनी स्वतःची दाढ पाहिली, १४ वर्षांत पहिल्यांदा. "एवढीच?" म्हणाल्या. मनात ती डोंगराएवढी झाली होती. चौथ्या भेटीत प्लेटसाठी माप घेतलं. मापाची पेस्ट आधी त्यांच्या बोटावर लावून दाखवली, ती घट्ट होते ते त्यांनी दाबून पाहिलं, मगच तोंडात घेतली. आधी सांगायचं, मग दाखवायचं, मग करायचं, ही पद्धत लहान मुलांसाठी शिकवतात. मोठ्यांना ती जास्त लागते असं माझं मत आहे.

खूण ठरली होती, डावा हात वर केला की मी थांबणार. ही खूण पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते आणि पहिल्यांदा हात वर गेला की "झालंच, दोन सेकंद" म्हणून मोडलीही जाते. एकदा मोडली की ती खूण संपली. म्हणून माप घ्यायच्या आधी, नुसता आरसा तोंडात असताना, मी त्यांना तीनदा हात वर करायला लावला आणि तिन्ही वेळा हात मागे घेऊन बसले.

श्वासाचं मला वेगळं शिकवावं लागलं नाही. बाई महिला भजनी मंडळात गातात. मी म्हटलं, आलाप लांबवताना श्वास जसा पुरवून पुरवून सोडता, तसाच इथे सोडा, फक्त आवाज न करता. सोडलेला श्वास घेतलेल्यापेक्षा लांब असला की छातीची धडधड उतरते. माघापासून त्या मंडळात मागच्या ओळीत बसून हलक्या आवाजात गात होत्या, हे तेव्हा बोलता बोलता कळलं. आ-काराला तोंड उघडत नव्हतं आणि त्यांना ते कुणाला सांगायचं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात कानाचा ठणका थांबला. सहाव्यात तोंड ३८ मिलिमीटर उघडलं. हनुवटी अजून जराशी उजवीकडे जात होती. इथपर्यंत फरक पडला नसता तर मी त्यांना बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात पाठवणार होते. सांध्यात दोन सुया घालून तो धुऊन काढण्याचा उपाय असतो. पण बहुतेकांना तिथवर जावं लागत नाही.

रूट कॅनालचा पहिला दिवस सकाळी नऊचा ठेवला, पहिलाच रुग्ण. दिवसभर भीती उशाशी घेऊन थांबायला नको म्हणून. खालच्या दाढेची भूल नेहमी तोंड मोठं उघडून देतात. पण तोंड मिटलेलं ठेवून, गालाच्या आतून देण्याचीही एक पद्धत आहे, १९७७ साली अकिनोसी यांनी मांडलेली. कमी तोंड उघडणाऱ्यांसाठी ती फार उपयोगी आहे. बाईंना ती दिली. आधी जागेवर बधिर करणारी जेल लावून दोन मिनिटं थांबले, औषध अगदी सावकाश सोडलं. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवली, की औषधात ॲड्रेनलिन असतं, त्यामुळे दोन-तीन मिनिटं छाती धडधडू शकते. ती भीती नव्हे, औषध आहे, ते उतरतं. कुणी हे सांगितलेलं नसलं की माणूस त्या धडधडीलाच घाबरतो आणि मग खरीच भीती चढते. बाईंची छाती धडधडली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मिनिटं मोजली.

ओठ जड झाला, हिरडीला टोचून काही कळत नाही हे त्यांनीच सांगितलं, तेव्हा कुठे मशीन हातात घेतलं. डाव्या बाजूच्या दातांमध्ये रबराचा छोटा ठोकळा ठेवला, म्हणजे जबडा स्वतःच्या जोरावर उघडा धरावा लागत नाही. दर पाच मिनिटांनी ठोकळा काढून तोंड मिटायचं, थुंकी गिळायची, दात सुटे ठेवून बसायचं. एकूण काम वीस मिनिटांचं. साधारण बाराव्या मिनिटाला डावा हात वर गेला. मी मशीन बंद केलं, हात मागे घेतले, ठोकळा काढला. "दुखलं का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही थांबता का ते बघितलं."

बाकीचं काम आणखी तीन भेटींत झालं. प्रत्येक भेटीनंतर एक दिवस सांधा ठणकायचा, टॉवेल शेकला की उतरायचा. चतुर्थीच्या आधी कॅप बसली. त्यानंतर पाच प्रश्न पुन्हा विचारले, १३ गुण आले. म्हणजे भीती गेलेली नाही. आजही दाराशी त्या क्षणभर थांबतात, मग चपला काढतात. तोंड ४१ मिलिमीटरवर स्थिरावलं. उजवा सांधा परत पूर्वीसारखा वाजला नाही. चकती बहुधा जागेवर गेलेली नाही, तिच्याशिवाय सांध्याने जमवून घेतलं आहे, आणि शरीराला ते चांगलं जमतं. परीक्षेच्या दिवसांत दोन-तीन सकाळी कानशिलं जड असतात, तेव्हा टिकल्या पुन्हा फळ्यावर येतात. गणपतीपुढे घुमट वाजवून म्हणायच्या आरतीला त्या पुढच्या ओळीत होत्या, असं जावेने सांगितलं.

दिवाळीनंतर बाई आल्या त्या आपल्यासाठी नव्हे. शेजारच्या घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीला आणि तिच्या आईला घेऊन आल्या होत्या. मुलीचा जबडा जेवताना कट्ट वाजतो, आई काळजीत. बाईंनी तिला घरीच तीन बोटं घालून बघायला लावली होती आणि आरशात हनुवटी सरळ जाते का तेही पाहिलं होतं. मी मोजलं, ४६ मिलिमीटर. हनुवटी उघडताना जराशी बाजूला जाऊन आवाजासरशी मधोमध येत होती. दुखत नव्हतं, कधी अडकलं नव्हतं, स्नायू दाबून काही नाही. प्लेट नाही, गोळ्या नाहीत, एक्स-रेही नाही. कठीण पेरूला तोंड भरून चावा न घेता फोडी करून खा, सतत च्युइंगम चघळू नकोस, आणि आवाज अचानक बंद होऊन तोंड कमी उघडायला लागलं तर त्याच आठवड्यात ये, एवढं सांगून पाठवलं. आई म्हणाली, "म्हणजे आवाज येतोय तोवर ठीक?" उत्तर बाईंनीच दिलं, "दुखत नाही तोवर. आणि आवाज गेला म्हणून आनंदाने घरी बसू नको. मी बसले होते."